विमानातलं वायफाय विकत घ्यावं का? माझे तीन प्रवास आणि त्याचा हिशोब

गेल्या महिनाभरात उदगीरहून मला चार जणांनी हाच प्रश्न विचारला. कुणाची लेक तिकडं अमेरिकेत बाळंतपणाला आलीय म्हणून आई चाललीय, कुणाचा मुलगा एमएस करायलाय म्हणून आईवडील पहिल्यांदाच निघालेत, आणि सगळ्यांचं एकच, विमानात नेट मिळतंय म्हणे, पैसे भरावे का उगीच वाया जातेत? मी हैदराबादला औषध कंपनीत नोकरी करते, ऑफिसच्या कामानं वर्षातून एकदोनदा सॅन फ्रान्सिस्कोला जाणं होतं, आणि नेट विकत घेऊन, न घेऊन, फुकट मिळून, सगळ्या तऱ्हा करून झाल्यात, म्हणून म्हणलं एकदाच नीट लिहून टाकावं.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला जायचं तर तासाभराचं काम, विमान वर चढून सरळ होईपर्यंत उतरायची तयारी सुरू होती, तिथं नेटचा विचारसुद्धा करू नका. एअर इंडियानं १ जानेवारी २०२५ ला देशातल्या फ्लाइटमधे वायफाय देतोय असं जाहीर केलं, पण ते ए३५०, ७८७-९ आणि काही ए३२१ निओ विमानांत, आणि सुरुवातीला फुकट. मिळालं तर वापरा. माझं सगळं म्हणणं आहे ते लांबच्या प्रवासाचं, जिथं पंधरा-सोळा तास आपला घराशी काहीच संबंध राहात नाही.

पहिला प्रवास नोव्हेंबर २०२४ चा. आम्ही उदगीरवाले विमानासाठी हैदराबादच गाठतो, बिदर-जहिराबाद करत चार-साडेचार तासात शमशाबाद, तिथून पहाटे आखातात, आणि तिथून पुढची लांबची फ्लाइट. ते दिवस सोयाबीनचे होते. बापू गेल्यापासून शेतीचं सगळं मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून ठरवतो, पैसा पण दोघांचा लागलेला असतो, त्यामुळं माल कधी द्यायचा हे तो मला विचारल्याशिवाय करत नाही. आणि नेमकं मी विमानात बसले त्याच दिवशी तो ३८ क्विंटल घेऊन मोंढ्यात गेला.

त्या फ्लाइटमधे दोन प्रकारचे पॅक होते, एक नुसत्या मेसेजचा ६ डॉलरला म्हणजे तेव्हाचे साधारण पाचशे रुपये, आणि एक सगळं नेट चालणारा, तो बराच महाग. मी मेसेजचा घेतला. पडद्यावर नकाशात विमान काळ्या समुद्राच्या आसपास दाखवत होतं आणि फोन थरथरला. भावानं फोटो पाठवलेला, पण मेसेजच्या पॅकात फोटो उघडत नाही, नुसता करडा चौकोन आणि मधे फिरणारं गोल. मी लिहिलं, फोटो दिसंना, लिहून पाठव. मग त्यानं लिहिलं, "आक्का, ओल १४ दाखवायलीय, सरकारी केंद्रावर १२ च्या वर घेईनात. आडत्या ४,२५० म्हणायलाय. देऊ का थांबू?" तो मेसेज मला अजून तोंडपाठ आहे. त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ होता, म्हणजे क्विंटलमागं साडेसहाशेचा फरक, पण हरभऱ्याची पेरणी तोंडावर, मजुरांचे पैसे राहिलेले, सगळा माल घरात ठेवून पण चालंना. मी लिहिलं १५ क्विंटल दे, बाकीचा घरी ने आणि वाळव. पाच-सहा मिनिटं काहीच नाही, एकच टिक, मग दोन झाल्या, मग निळ्या झाल्या आणि त्याचं "बरं" आलं. त्या दोन अक्षरांनी माझ्या जिवाचं इतकं ओझं उतरलं की मी त्यानंतर सलग सहा तास झोपले, मला विमानात कधीच झोप लागत नाही.

पुढं नोव्हेंबरच्या मध्यात केंद्र सरकारनं ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्क्यांवर आणली आणि राहिलेला २३ क्विंटल हमीभावानं गेला. चौदा-पंधरा हजारांचा फरक पडला. हे नेटमुळं झालं असं मी म्हणणार नाही, अट सैल होईल हे मला काय माहीत होतं. पण भावाला त्या आडतीवर एकट्याला उभं राहून ठरवावं लागलं नाही, त्याला विचारायला कुणीतरी होतं, आणि पाचशे रुपये मला त्या एका गोष्टीसाठी वसूल वाटले. माझं मत तिथंच बनलं आणि नंतरच्या दोन प्रवासात ते बदललं नाही. घरचं कुणी वाट बघत असेल तर मेसेजचा पॅक घ्यावा, आणि घेताना दुसरी काहीच अपेक्षा ठेवू नये.

दुसरा प्रवास एप्रिल २०२५, परतीचा, सॅन फ्रान्सिस्कोहून आखाताकडं. हा वाईट अनुभव, सविस्तर सांगते कारण यातच सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे. मला ऑफिसचा एक रिपोर्ट संपवून पाठवायचा होता, म्हणून पूर्ण प्रवासाचा मोठा पॅक घ्यायचं ठरवलं, २२ डॉलर. विमान वर गेलं, पट्टे बांधायचा दिवा विझला, मी वायफायला जोडून कार्डाचा नंबर टाकला आणि समोर पान आलं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. फोन एअरप्लेन मोडवर. एसएमएस कुठून येणार? वायफायवरून व्हॉट्सअप येतं, बँकेचा एसएमएस येत नाही, तो सिमच्या नेटवर्कवरच येतो. दुसरं कार्ड काढलं, ते नाकारलं गेलं, कारण त्याच्यावर परदेशी व्यवहार चालूच केलेला नव्हता. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदच येतात, ते आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून चालू करायचे असतात. आणि ते ॲप उघडायला नेट पाहिजे. नेटसाठी कार्ड पाहिजे आणि कार्डासाठी नेट पाहिजे, असं चाळीस मिनिटं चाललं, शेवटी ऑफिसच्या कार्डावरून ओटीपी न मागता पैसे गेले. बऱ्याच परदेशी व्यवहारात ओटीपी मागतच नाहीत, पण मागतील का नाही हे आधी कळत नाही. आणि स्टेटमेंटला २२ डॉलरचे झाले १,९६० रुपये, कारण बँक डॉलरच्या व्यवहारावर वरून साडेतीन टक्के लावते आणि त्या साडेतीन टक्क्यांवर परत जीएसटी.

बरं एवढं करून नेट मिळालं तर ते पहिले दोन तास बऱ्यापैकी. मेल जायची, ऑफिसचं चॅट चालायचं, मोठी फाइल चढवायला लावली की मात्र ९ टक्क्यांवर जाऊन थांबायची. मग कॅनडाच्या वरच्या अंगाला गेलो आणि नेट गेलं. गेलं ते साडेचार तास आलंच नाही. हवाई सुंदरीला विचारलं तर ती बिचारी म्हणाली या भागात असंच होतं मॅडम. पॅक घेताना त्या पानावर हे एका ओळीत तरी लिहायला पाहिजे होतं, कारण हे त्यांना माहीत असतंय, दररोज त्याच रस्त्यानं विमान जातं.

असं का होतं ते मी नंतर समजून घेतलं. जुन्या पद्धतीचं विमानातलं नेट ज्या उपग्रहांवरून येतं ते विषुववृत्ताच्या बरोबर वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. विमानाच्या पाठीवर एक उंचवटा दिसतो बघा, त्याच्या आत अँटेना असते, ती त्या उपग्रहाकडं तोंड करून बसलेली असते. तुम्ही जितकं उत्तरेला जाल तितका तो उपग्रह क्षितिजाकडं झुकत जातो आणि ध्रुवाच्या जवळ तर दिसेनासाच होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आपल्याकडं येताना जवळचा रस्ता नेमका त्या वरच्या बर्फाळ भागातूनच जातो. शिवाय आपण एक बटण दाबलं की ती गोष्ट विमानातून वर उपग्रहाला, तिथून खाली जमिनीवरच्या केंद्राला, आणि उत्तर त्याच रस्त्यानं परत, म्हणजे चार वेळा छत्तीस हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानं गेलं तरी नुसत्या जाण्यायेण्यात जवळपास अर्धा सेकंद लागतो. मेसेजला अर्ध्या सेकंदानं काही बिघडत नाही. पण ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं कंपनीचं व्हीपीएन, बँकेचं पान, एकामागं एक पन्नास गोष्टी मागवणारी वेबसाइट, यांचा त्यात जीव जातो. त्यात विमानात दोन-तीनशे माणसं, सगळी त्याच एका धाग्याला लटकलेली.

रिफंडसाठी मी अर्ज केला. त्यांचं पहिलं उत्तर आलं की तुम्ही काही काळ सेवा वापरलेली आहे. मी परत लिहिलं, विमान कधी कुठं होतं, नेट किती वाजता गेलं, किती वाजता आलं, सगळं मांडून, माझ्याकडं पडद्याचे फोटो होते. तीन आठवड्यांनी अर्धे पैसे परत आले. अर्धे का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. रिपोर्ट गेलाच नाही, तो मी हैदराबादला उतरून सामानाच्या पट्ट्याशेजारी उभी राहून पाठवला. मला राग पैशाचा कमी आणि याचा जास्त आला की माझ्या साहेबांना मी लिहून दिलं होतं, चार वाजेपर्यंत पाठवते. माझा शब्द गेला. म्हणून ऑफिसवाल्यांना कळकळीनं सांगते, विमानातल्या नेटच्या भरवशावर कुणाला वेळ देऊ नका. काम चढायच्या आधी डाउनलोड करून घ्या, विमानात नेटशिवाय करा, उतरल्यावर पाठवा.

तिसरा प्रवास, नोव्हेंबर २०२५, कतार एअरवेज, दोहा ते सॅन फ्रान्सिस्को. यांनी ऑक्टोबर २०२४ पासून स्टारलिंक हे नव्या पद्धतीचं उपग्रहाचं नेट बसवायला सुरुवात केली, आधी ७७७ विमानांत, मग ए३५० मधे, आणि प्रवाशांना फुकट. आमच्या विमानात बसवलेलं होतं. मी दुसऱ्या प्रवासानंतर काहीच आशा ठेवली नव्हती, पण खरं सांगते, घरच्या फायबरसारखं चाललं. पैसे नाहीत, कार्ड नाही, ओटीपी नाही, जोडलं की सुरू. याचे उपग्रह साधारण पाच-साडेपाचशे किलोमीटरवरच असतात आणि हजारोंनी असतात, एक पुढं गेला की दुसरा धरतो, त्यामुळं तो अर्ध्या सेकंदाचा घोळ नाही आणि वर उत्तरेकडं पण थोडा वेळ सोडला तर तुटलं नाही.

मायला व्हिडिओ कॉल लावला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ झोपलेले, म्हणून मी बोलले नाही, इअरफोन घातला, माय बोलणार आणि मी टाइप करणार असं. आमच्या मायला फोन कानाला लावायची सवय, व्हिडिओ असला तरी, त्यामुळं पडद्यावर बराच वेळ तिचा कान आणि कानातली कुडी एवढंच दिसत होतं. मागून भाऊ म्हणाला, माय, समोर धर. मग मी फोन खिडकीकडं वळवला. खाली सगळं पांढरं, कुठं कुठं निळ्या चिरा पडलेल्या, सूर्य एकदम खाली आलेला. ती गप्प बसली. मग म्हणाली, "कापसाच्या गंजीवानी दिसायलंय गं." बापू असते तर त्यांनी किती वाजलेत, किती उंचीवर आहात, बाहेर थंडी किती, सगळं विचारलं असतं. उणे ५४ होती बाहेर, मी लिहून पाठवलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

आता हे बघितल्यावर कुणी म्हणेल मग चांगलं नेट असेल तर पैसे देऊन पण घ्यावं. माझं मत थोडं वेगळं आहे. चांगलं नेट आता फुकट व्हायला लागलंय, आणि पैसे मागणारं नेट बहुतेक वेळा जुनं असतं. सिंगापूर एअरलाइन्स जुलै २०२३ पासून आपल्या क्रिसफ्लायर योजनेच्या सभासदांना सगळ्या वर्गात फुकट देते, अमेरिकेतली डेल्टा फेब्रुवारी २०२३ पासून सभासदांना देते, एमिरेट्समधे त्यांच्या स्कायवर्ड्स योजनेचं सभासद असलं की निदान मेसेज तरी फुकट. हे सभासदत्व फुकट असतं, नाव आणि ईमेल दिलं की पाच मिनिटात होतं, पण ते घरून करून निघायचं. माझ्या ओळखीच्या एक ताई तिकिटावर सभासद नंबर नाही म्हणून फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे देऊन आल्या, मला फार वाईट वाटलं ऐकून. तिकीट एजंटनं काढलं असेल तर त्याला सांगून तो नंबर घालून घ्या, एजंट आपणहून घालत नाहीत.

आणि आपल्या सिमच्या पॅकविषयी. काही विमानांत वायफाय वेगळं आणि मोबाइलचं नेटवर्क वेगळं असतं. जिओनं २०२० मधे ४९९ पासून आणि एअरटेलनं फेब्रुवारी २०२४ मधे १९५ पासून असे विमानातले पॅक काढले, त्या १९५ मधे २५० एमबी होते, चोवीस तासांसाठी. दर बदलत असतात, निघताना ॲपमधे बघा, आणि आपली विमान कंपनी त्या यादीत आहे का ते पण बघा. याचा मोठा फायदा म्हणजे रुपयात पैसे, घरूनच घेता येतो, आणि एसएमएस येतात, म्हणजे ओटीपी पण येतो. दुसऱ्या प्रवासात मला हे माहीत असतं तर ती चाळीस मिनिटं वाचली असती. पण पॅक न घेता फोनचा एअरप्लेन मोड चुकून काढलात तर फोन आपोआप त्या नेटवर्कला चिकटू शकतो आणि रोमिंगचं बिल डोळे पांढरे करणारं येतं. म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर हे हमखास होतं, त्यांना बटण कळत नाही. निघतानाच डेटा रोमिंग बंद करून द्या.

एमबीवर मोजणारा पॅक असेल तर आणखी एक. फोटोचा आपोआप बॅकअप आणि व्हॉट्सअपचं आपोआप डाउनलोड, दोन्ही बंद करा. नात्यागोत्याच्या ग्रुपवर सकाळी चाळीस फुलांचे फोटो आणि देवाचे व्हिडिओ येतात, ते माणसं मायेनंच पाठवतात, पण तुमचे ५० एमबी त्यातच जातील आणि लेकीचा मेसेज यायच्या आधी पॅक संपेल. आणि तासावर असलेला पॅक विमान सुटल्या सुटल्या घेऊ नका, नेट गेलं तरी त्याचं घड्याळ चालूच राहतं. आधी वायफायला जोडून विमान कंपनीचं फुकटचं पान उघडतंय का, नकाशा हलतोय का ते बघा, मगच पैसे.

आपल्याकडं हे सगळं उशिरा आलं. विमानातल्या नेटचे नियमच डिसेंबर २०१८ मधे झाले, आणि सप्टेंबर २०२० मधे विस्तारा या विमान कंपनीनं पहिल्यांदा आपल्या विमानात ते सुरू केलं. इस्रोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह नोव्हेंबर २०२४ मधे वर गेला, ४,७०० किलोचा, ४८ जीबीपीएस क्षमतेचा, त्यात विमानातलं नेट हे पण एक काम धरलेलं आहे. मला मनापासून वाटतं की हैदराबादहून सुटणाऱ्या आपल्या विमानात आपल्या उपग्रहावरून नेट मिळावं, आणि पैसे यूपीआयनं रुपयात देता यावेत. निदान एवढं तरी करा की पैसे घ्यायच्या आधी सांगा कुठं कुठं तुटणार आहे.

आता आमचे काका-काकू पुढच्या गुरुवारी निघालेत, नातवाच्या बारशाला. काकू म्हणाल्या, पंधरा तास त्याचा आवाज नाही आला तर माझं चित्त लागायचं नाही. त्यांच्या विमान कंपनीचा पॅक आधी घेता येतो, मी इथूनच मेसेजचा घेऊन ठेवलाय, काकांच्या नावानं, आणि सगळं नेटवाला मुद्दाम घेतला नाही. रविवारी उदगीरला गेले तेव्हा घरच्या वायफायवर त्यांच्याकडून चार वेळा करून घेतलं, आधी विमानाचं चित्र, मग वायफायचं, मग हिरवं बटण. चौथ्यांदा काकूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतः केलं. पॅकचा कोड मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या पर्समधे, औषधाच्या डबीच्या खाली ठेवलाय.